व्याह्यांच्या वावरातला वायू

दिवाळीचे पाहुणे गेले आणि मी चार दिवस फक्त लोळायचं ठरवलं होतं. तेवढ्यात मनूचा फोन. मनू माझी धाकटी बहीण, मातीवर पीएचडी करते. "ताई, माझी मदतनीस आजारी पडली गं. यवतमाळकडे चल ना, डबे उचलायचेत." मी म्हटलं, डबेच उचलायचे तर माझ्या घरात काय कमी आहेत? आणि मग मुकाट्याने बॅग भरली. या पोरीला नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर नागपूरहून सकाळची एसटी पकडा आणि उजवीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. यवतमाळ स्टँडबाहेर तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, खा. "तर्री थोडीच" असं चुकूनही म्हणू नका, पोहेवाला फार दयेने बघतो. तिथून दिग्रस. जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांची ही मोठी रांग होती, पण त्या हंगामात कापसाच्या भावाचा विषय काढला की लोक लगेच थंडीबद्दल बोलायला लागायचे. पुढे गावापर्यंत काळीपिवळी जीप, माणशी वीस रुपये. मांडीवर शेजारणीची कोंबडी मिळते, ती फुकट.

जीपमध्ये मनूने माझी शिकवणी घेतली. म्हणे मातीही श्वास सोडते. जंगल हवेतला कार्बन पोटात घेऊन बसतं. ते तोडून वावर केलं, नांगरलं, युरिया टाकला, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, की तोच कार्बन आणि वर आणखी दोन-चार वायू हवेत जातात. आख्ख्या आशिया खंडाच्या जमिनीने किती घेतलं आणि किती सोडलं, याचा अंदाज अशाच ठिकठिकाणच्या डब्यांवरून बांधतात. मनूचे तीन डबे होते, मातीतून निघणारा वायू कोंडायला जमिनीत पालथे रोवलेले. एक गावातले शेतकरी देवरावकाका यांच्या कपाशीत, एक त्यांचे व्याही शंकरराव यांच्या शेजारच्या तुरीत, आणि तिसरा पलीकडच्या सागाच्या जंगलात. हे शेवटचं मोजमाप होतं. ते बिघडलं तर हंगाम वाया, आणि शिष्यवृत्ती तर उन्हाळ्याआधीच संपणार होती.

देवरावकाकांकडे काकूंनी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा वाढला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी मी तिसरी भाकरी मागितली. जेवताना मनूने सांगितलं की युरियातून निघणारा एक वायू माणसाला हसवतो.

"असं?" काका म्हणाले. "मंग इतका युरिया टाकून आमाले काहून हसू येत नाही वो?"

काकू एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

दुपारी वावरात गेलो. मनूने डब्याला मीटर जोडलं आणि आकडा जो पळत सुटला, तो थांबेचना. मनू पांढरीफटक. मीटर बिघडलं म्हणून दोनदा बंद करून चालू केलं. काका मात्र धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून मिशीत हसत होते.

"काका, इथे काही टाकलं का तुम्ही?"

"टाकलं ना! दोन टोपले शेणखत, वरून युरिया, आन् रोज एक घागर पाणी. मागच्या टायमाले व्याह्याचा आकडा माह्यापेक्षा जास्त निघाला होता. मले दोन दिवस जेवण गेलं नाही, पोरी!"

अरे देवा! या माणसाला वाटलं, जास्त आकडा म्हणजे जास्त मार्क. आम्ही तुरीकडे धावलो. तिथे डब्याजवळ जाताच नाक दाबावं लागलं. तुरीतच उभ्या असलेल्या शंकररावांनी गूळ, बेसन आणि गोमूत्र कालवून आठवडाभर डब्याखाली ओतलं होतं. मीटरने तिथे हातच टेकले. जंगलातला डबा तेवढा ठीक होता, आकडाही तिन्हींत कमी. जंगलाला व्याही नाही ना!

मनू धुऱ्यावर बसून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने तिथूनच गाईडना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं, दोन्ही आकडे बाद म्हणून. दोन्ही व्याही माना खाली घालून ऐकत होते. एकाएकी काकांनी फोन ओढून घेतला.

"सायेब, नमस्कार. चूक आमची हाये. पोरीले पास करा. पायजे तर आमचं वावर नापास करा!"

पलीकडून गाईड हसायला लागले, आणि मलाच का कोण जाणे, रडू आलं. मनूला आणखी एक हंगाम मिळाला. शिष्यवृत्ती मात्र वाढली नाही. ती राहणार कुठे, खाणार काय, यावर दोघा व्याह्यांचं तिथेच भांडण पेटलं.

"पोट्टी आमच्या घरी राहीन."

"तुमच्या घरी काहून? आमच्या घरी कायले नाही?"

शेवटी पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे असं ठरलं.

नागपूरला परतून आता सात-आठ महिने झाले. तिकडून काय आणलंत, असं विचाराल तर एक बरणी ठेचा, तो केव्हाच संपला. आशिया खंडाचा हिशेब मला अजून धड कळत नाही. पण रस्त्याने जाताना नांगरलेलं रान दिसलं की मी त्याच्याकडे जरा थांबून बघते, एवढं खरं.

काल सकाळी देवरावकाकांचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"ताई, औंदा आकडा कमी पायजे ना? मंग आईका. डब्याखालची सारी माती खोदून फेकली, आन् जंगलातली बैलबंडीभर आणून भरली. आता हरवून दाखव म्हणा व्याह्याले! मनू सध्या व्याह्याकडे हाये, तिले मी बोललो नाही अजून. तुमीच सांगा तिले, खूश होईन पोरगी."