वरचे काका आणि त्यांची गांधीलमाशी

अख्ख्या मुलुंडमध्ये माणसापेक्षा गांधीलमाशीला जास्त मान देणारा एकच गृहस्थ आहे आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. आम्ही सगळे त्यांना वरचे काका म्हणतो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला. शिकवणं चालूच आहे. गच्चीवरच्या टाकीपाशी गांधीलमाश्यांनी पोळं केलं तेव्हा सेक्रेटरींनी औषध फवारणारा माणूस बोलावला. काका गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि त्या बिचाऱ्याला दोन तास माशीचा संसार समजावत राहिले. तो चहा पिऊन, पंप न उघडताच निघून गेला. लिफ्ट बंद पडली म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाले, "अगं, माझी माशी काही कोटी वर्षं एका जागी बसून आहे. तुला दोन जिने जड जातात होय?"

ही त्यांची माशी मात्र जिवंत नव्हे. ती कधीकाळी झाडाच्या चिकात अडकली, चिकाचा दगडासारखा घट्ट अंबर झाला आणि गुजरातच्या एका खाणीतून तो वालाएवढा तुकडा काकांच्या टेबलावर आला. तिच्या जातीला अजून नावच नव्हतं. नाव द्यायचं तर पंखांच्या शिरांपासून नखांपर्यंत तिचं वर्णन आणि चित्र छापावं लागतं. आतली माशी स्वच्छ दिसावी म्हणून काका जुन्या धोतराच्या फडक्यावर दंतमंजन घेऊन तुकडा घासत बसायचे. धुळीच्या कणाने ओरखडा पडू नये म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, बाईला झाडू मारायची बंदी. घामाने निथळत होते, पण चेहरा काय खूश!

त्या काळात माझी पार वाट लागली होती. आर्किटेक्टच्या ऑफिसात हाताने नकाशे काढणारी मी शेवटचीच. ऑफिस बंद झालं आणि मी घरात भिंतीकडे बघत बसायला लागले. एका सकाळी काका दारात. "हात थरथरतो का गं तुझा?" "नाही." "मग वर ये. माझा थरथरतो." सूक्ष्मदर्शकाखाली बघून मी पहिला पंख काढला. त्या दुपारी कित्येक दिवसांनी मला सडकून भूक लागली.

भांडण झालं ते मिशांवरून, म्हणजे माशीच्या डोक्यावरच्या दोन स्पर्शिकांवरून. माशीच्या पोटाचं टोक एका बुडबुड्याआड गेलं होतं, त्यामुळे नर की मादी हे मिशीच्या पेरांवरच ठरणार होतं: मादीला बारा, नराला तेरा. काकांनी मादी म्हणून सगळं लिहून ठेवलं होतं. मी तेरा पेरं काढली.

"बारा आहेत! डोळे तपासून घे."

"तुम्हीच घ्या ना तपासून!" मी फटकन बोलले.

काका सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ बघत राहिले. "मधला भाग दिसतच नाही गं मला. डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याचा पडदा चाललाय. तेवढी ही एक माशी पुरी होईल असं वाटलं होतं." त्यांनी तुकडा डबीत ठेवला. "राहू दे आता."

मला स्वतःच्या जिभेची लाज वाटली. पण डबी मी परत उघडली. "कुठे बघायचं ते तुम्ही सांगा. काय दिसतं ते मी सांगते."

"मग पहिल्यापासून," काका म्हणाले आणि दोन वर्षांचे कागद त्यांनी माझ्यासमोर फाडले.

गेल्या महिन्यात ते वर्णन छापून आलं. नर. तेरा पेरं. लेखकांच्या नावांत काकांच्या शेजारी माझं नाव आहे, आणि मी कॉलेजात चित्रकला सोडून काही धड शिकलेले नाही. आज माझ्याकडे आणखी दोन संशोधकांचे नमुने चित्रं काढायला आले आहेत. हे सगळं त्या माणसाने दारात येऊन विचारलं म्हणून. नव्या जातीचा पहिला नमुना म्हणून अंबर नियमाप्रमाणे संग्रहालयात गेला. मी छापलेला अंक घेऊन वर गेले. काकांना आता पानावर नुसता करडा डाग दिसतो.

"चित्र कसं आलंय?"

"झकास!"

"झकास काय? नीट सांग."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि डाव्या मिशीच्या टोकापासून सांगायला सुरुवात केली. काका डोळे मिटून ऐकत होते. पंखांपर्यंत आले तेव्हा मी भराभर सांगायला लागले, तर म्हणाले, "घाई करू नकोस. मला दिसतंय."