लाल फडक्यातला टाक

"अल्लीपूरवालीच्या पेटीत देव हाय."

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगन कोन? म्या पायला. लाल फडक्यात गुंडाळून ठेवला तिनं."

"अन् बाईले समजलं तं?"

"मंग का, पेटी डोक्यावर अन् रस्ता अल्लीपूरचा! चूप, इंग्रजीबाई आली."

इंग्रजीबाई म्हणजे मी. टाक्यावर कपडे धुणाऱ्या त्या दोघींनी माना खाली घातल्या आणि मी बादली घेऊन तशीच पुढे गेले. बादली रिकामीच होती, ते न्हाणीपाशी पोचल्यावर लक्षात आलं.

नालवाडीच्या वाटेवर मुलींचं लहानसं वसतिगृह होतं. आमच्या माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी ते निघालं. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून इंग्रजी शिकवायला तिथं राहायला आले. मुलींना माझ्या बुटांचं हसू येई, आणि मी बोलत नाही याचं जास्त.

अल्लीपूरची मुलगी चौदा वर्षांची. आली तेव्हा ताटावर बसायची, पण जेवायची नाही. कुणी "तुही माय कायनं मेली?" विचारलं तर तिला ओरबाडायची. तिला काय विचारावं हे मला कळत नव्हतं, म्हणून मी नुसती शेजारी बसून वह्या तपासायची. महिन्याभरानं ती माझ्या वहीत डोकावायला लागली. दिवाळीच्या सुमारास तिनं धडा मोठ्यानं वाचला, आणि एका मुलीच्या चुकीला चक्क हसली.

त्यानंतरच एका संध्याकाळी तिनं फडकं उलगडून मला दाखवलं. तांब्याचा टाक होता, अंगठ्याएवढा, त्यावर ठोकून काढलेली बाई. आई गेल्यावर वडिलांनी तिच्या नावानं सोनाराकडून करून देव्हाऱ्यात ठेवला होता. दीक्षेनंतर घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडायला नेले, तेव्हा हिनं वाटेत टोपलीत हात घातला होता.

"हे देव नोय ना, म्याडम? पूजा नाई करत मी. पायतो फक्त."

मी घाबरले. देव ठेवायचे नाहीत, ही आमची प्रतिज्ञा. मी म्हणाले, "कोणाला दाखवू नकोस. तळाशी लपवून ठेव."

माझं शहाणपण ते एवढंच.

टाक्यावरचं ते बोलणं मी ऐकलं, त्याच रविवारी दुपारी वसतिगृह चालवणाऱ्या बाईंनी पेट्या उघडायला लावल्या. बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. या घरासाठी त्या दारोदार धान्य मागत फिरल्या होत्या. दीक्षा घेतलेल्यांच्या मुली चोरून देव पुजतात, असं गावात पसरलं असतं तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

फडकं निघालं. बाईंनी टाक तळहातावर घेतला.

"काऊन आणला हा?"

मुलीनं खाली पडलेलं फडकं उचललं.

"चांगली गोष्ट होती तं लपवला काऊन? सांग! कोणाची अक्कल हे?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं पाहील, आणि पाहू नये असंही वाटत होतं. ती जमिनीकडे बघत उभी राहिली, अगदी आली त्या दिवशी उभी होती तशी. मागून कुणीतरी खुसपुसलं, "देवीबाई!" दोघीतिघी हसल्या.

"उद्या तुह्या बापाले निरोप धाडतो," बाई म्हणाल्या. "बांध पेटी."

बापानं दुसरा घरोबा केला होता. त्या घरात आईचं नाव काढलं तरी सगळे उठून जात, असं तिनंच मला सांगितलं होतं. तिथं गेली की शाळा संपली, आणि तिचं परत आलेलं हसणंही. ती खाली बसून पेटीत कपडे भरायला लागली. घडी न घालता, भराभर.

मी दाराला टेकून उभी होते. आज बोलले तर बाई मला काय समजतील? कॉन्व्हेंटातली, वरवरची. माझीही पेटी उद्या बाहेर. पेटीची कडी लागल्याचा आवाज झाला, आणि माझा हात वर गेला, वर्गात जातो तसा.

"बाई," मी म्हणाले, "तो तिच्या आईचा टाक आहे. लपवायला मीच सांगितलं होतं. तिला पाठवू नका."