विसाव्या फेरीचा हुकूम

माझी शेवटची पोस्टिंग सीमेवर नव्हती. सैन्याच्या ॲथलेटिक्स टीममध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंचा सहायक प्रशिक्षक म्हणून मला पाठवलं होतं. रायफल जमा केली आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं. वर्ध्याजवळ सिंदी मेघेत आमच्या कॉलनीत हे सांगितलं की लोकांचे चेहरे उतरतात. सव्वीस जानेवारीला भाषणाला बोलावतात आणि त्यांना गोळीबार ऐकायचा असतो. मी त्यांना काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं सांगायचं ते इथे लिहितो आहे.

कॅम्पचं रोजचं वेळापत्रक असं. ०४४५ ला उठणं. ०५१५ ला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. ०५३० ते ०७४५ धावणं. नाश्ता, विश्रांती, १६३० ला पुन्हा ट्रॅक. प्रशिक्षकाला सगळे 'उस्ताद' म्हणायचे, आणि उस्तादाचा आवाज हाच हुकूम. मी पोरांना दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. धावताना मागे बघायचं नाही. धावताना स्वतः ठरवायचं नाही, कारण दमलेल्या माणसाचं डोकं खोटं बोलतं. दुसरी गोष्ट मी फारच चांगली शिकवली.

टीममध्ये अकरा जण होते. बहुतेक पहाडातले, हरियाणाचे, राजस्थानचे. वर्ध्याचे आम्ही दोघंच. मी पवनारचा आणि लान्स नाईक सुमेध ताकसांडे कारंजा घाडगेचा. त्याच्या वडिलांचं, दशरथभाऊंचं, हायवेवर ढाब्यांच्या रांगेत टायर पंक्चरचं दुकान. सुमेध सांगायचा की लहानपणी तो पहाटे हायवेच्या कडेनं पळायचा आणि ट्रकवाले त्याला पाहून हॉर्न वाजवायचे. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, काटक, काळासावळा, बोलायला कमी. बोलायचा तो हिंदीत, नियमाप्रमाणे. आम्ही दोघंच असलो की गाडी वऱ्हाडीवर यायची. तेवढीच मला घरची हवा. पण सगळ्यांसमोर मी त्याला कधी जवळ केलं नाही. आपल्या जिल्ह्याचा म्हणून लाड केले असं कुणी म्हणू नये, याची मला फार काळजी होती. आज त्या काळजीचा राग येतो.

त्या वर्षी आशियाई पातळीच्या स्पर्धेत पुरुषांच्या दहा हजार मीटरला आमचे दोघं निवडले गेले. एक सुमेध. दुसरा हवालदार खीमसिंग, कुमाऊंचा. खीमसिंगनं आदल्या वर्षी रौप्यपदक आणलं होतं. सगळ्यांची आशा त्याच्यावर होती. सुमेध त्याच्या सोबतीला.

सुमेधसाठी त्या शर्यतीत काय होतं, ते सांगितलं पाहिजे. टीमचा नियम सरळ होता. पदक आणलं तर आणखी दोन वर्षं टीममध्ये. नाहीतर आरटीयू, म्हणजे रिटर्न टू युनिट, सामान उचलून आपल्या पलटणीत परत. खीमसिंगकडे जुनं पदक होतं, सुमेधकडे काही नव्हतं. त्याच्या पलटणीला हिमनदीवर जायचा आदेश आला होता. विमानात तो माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "उस्ताद, वर जायचं मले भेव नाई. साऱ्या पलटणीचं जे होईन थे माह्यं होईन. पन पायात अजून दोनच वर्स हायेत. तेवढे पळू द्या." मी म्हटलं, पदक आण, मग कोण हात लावतो तुला. बोलायला काय जातं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी १००० वाजता टीमचे प्रमुख असलेल्या कर्नल साहेबांनी खोलीत ब्रीफिंग घेतलं. खीमसिंगचा शेवटचा वेग जबरदस्त. म्हणून सुमेधनं पहिल्यापासून पुढे राहायचं, बहात्तर सेकंदाची फेरी धरायची, वारा अंगावर घ्यायचा. खीमसिंगनं त्याच्या मागे लपून ताकद राखायची. पंचवीस फेऱ्या. विसाव्या फेरीनंतर खीमसिंग सुटणार. साहेब शेवटी म्हणाले, "मैं स्टँड में रहूँगा. ग्राउंड पर फैसला उस्ताद का." सगळ्यांनी 'यस सर' म्हटलं. मीही म्हटलं.

शर्यत स्थानिक वेळेनुसार १८४० ला सुटली. हवा दमट. सोळा धावपटू. मी दुसऱ्या वळणावर कठड्याला लागून उभा होतो. तिथून धावणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि त्याला माझा आवाज पोचतो.

सुमेधनं काम चोख केलं. बहात्तर, बहात्तर, एकाहत्तर, बहात्तर. मी दर फेरीला वेळ सांगायचो आणि तो बोट उचलून पोच द्यायचा. दहा फेऱ्यांनंतर सहा जण मागे पडले. पंधराव्या फेरीला पुढच्या घोळक्यात सात उरले. सुमेध पुढे, खीमसिंग त्याच्या खांद्याशी. एकोणिसाव्या फेरीला खीमसिंगचा उजवा हात पोटाशी गेला. मी पाहिलं. पोटात कळ आली की धावपटू असाच हात नेतो. मी स्वतःला सांगितलं की जाईल.

विसाव्या फेरीत चार परदेशी एकदम सुटले. सुमेध त्यांच्याबरोबर गेला. ठरवून नाही, त्याचे पायच त्याला घेऊन गेले. वळणावर तो चौथ्याच्या पाठीला चिकटून होता आणि खीमसिंग पंधरा मीटर मागे पडला होता. आणि सुमेधनं मागे बघितलं. मग माझ्याकडे.

कठड्यापासून तो पाच-सहा पावलांवर होता. त्यानं विचारलं, "मी जाऊ काय, भाऊ?"

पाच महिन्यांत त्यानं मला पहिल्यांदाच भाऊ म्हटलं. हिंदीत नाही, हुकूम मागायच्या सुरात नाही. घरचा माणूस घरच्या माणसाला विचारतो तसं विचारलं. माझ्याकडे दोन सेकंद होते. मला दिसत होतं की त्याचे खांदे सैल आहेत, तोंड मिटलेलं आहे, श्वास नाकातून चालला आहे. मला सगळं दिसत होतं. आणि मी उस्तादाच्या आवाजात, हिंदीत ओरडलो, "खीमसिंग को लाओ! छोड़ना नहीं!"

गस्तीवर जोडीदार मागे राहिला तर त्याला सोडून पुढे जायचं नाही. हे आमच्या हाडात शिकवलेलं असतं. गस्तीवर ते बरोबर आहे. ती शर्यत होती, हे माझ्या डोक्यात दोन सेकंदांत शिरलं नाही.

सुमेधनं बोट उचललं आणि वेग कमी केला.

पुढच्या पाच फेऱ्या मी पाहिल्या, पण त्या लिहाव्याशा वाटत नाहीत. तो खीमसिंगच्या पुढे दोन पावलं राहून त्याला ओढत होता. चौघं लांब गेले, आणखी एक जण बाजूनं निघून गेला. सुमेध सहावा आला, खीमसिंग सातवा. तिसऱ्याची वेळ एकोणतीस मिनिटं एक्केचाळीस सेकंद. सुमेधनं तीन आठवडे आधी कॅम्पमध्ये, एकट्यानं, त्याहून एकोणीस सेकंद कमी वेळ नोंदवली होती.

शर्यत संपल्यावर सगळे ट्रॅकवर आडवे पडले होते. कुणी ओकत होतं. सुमेध उभा होता. धापसुद्धा लागली नव्हती. त्यानं खाली बसून खीमसिंगच्या बुटांच्या लेस सोडल्या, त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, "उस्ताद, ले आया." पुन्हा हिंदीत. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

परत आल्यावर प्रत्येक धावपटूचा रिपोर्ट भरायचा होता. रिमार्क्सचा रकाना माझा. मी लिहू शकत होतो की हुकमावरून थांबला, स्वतः पदकाच्या लायकीचा होता. तसं लिहिलं असतं तर हुकूम कुणाचा, हा प्रश्न आला असता. माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि ऑनररी लेफ्टनंट या मानाच्या हुद्द्याच्या यादीत नाव यायची आशा होती. मी लिहिलं, 'शेवटच्या टप्प्यात वेग राखू शकला नाही.' एक ओळ. सही केली. यादीत नाव आलंच नाही, तो भाग वेगळा. आलं असतं तरी आज तोंड दाखवायला तेवढीच लाज वाटली असती.

सुमेधचा आरटीयू नऊ दिवसांत निघाला. ०५४० ला गाडी होती. फॉल-इनच्या आधी तो काळी ट्रंक घेऊन आला, सॅल्यूट केला आणि म्हणाला, "पलटन में जा रहा हूँ, उस्ताद." मी म्हटलं, फोन करजो. तो हसला. फोन त्यानं दोनदा केला. दोन्ही वेळा माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

त्याचं पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याच्या पलटणीतल्या सिग्नलच्या नाईकानं मला सांगितलं. सुमेधला वरच्या चौकीवर सहा आठवडे झाले होते. दोन दिवस खोकला होता. त्यानं रिपोर्ट केला नाही. धावपटू माणूस खोकल्याचं काय सांगणार, असं त्याला वाटलं असावं. उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं. तगड्या माणसालाही भरतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे ओठ निळे पडले. ऑक्सिजन लावला. नाईकाला ते रेडिओचं बोलणं पाठ आहे.

"कॅज्युअल्टी वन. साँस की तकलीफ. चॉपर चाहिए. ओवर."

"वेदर पॅक. वेट. ओवर."

"कब तक? ओवर."

"वेट. आउट."

हे १०२० ला. ढग खाली उतरले होते, चॉपर उडू शकत नव्हतं. त्यानंतर चार वेळा विचारलं, चार वेळा तेच उत्तर. १५०५ ला त्यांनी चॉपरची मागणी रद्द केली. गरज उरली नव्हती.

मी तोवर निवृत्त होऊन सिंदी मेघेत आलो होतो. कारंज्याला त्याला आणलं तेव्हा हायवेवर ट्रक थांबले होते. बुद्धवंदना झाली, फैरी झाडल्या, दशरथभाऊंच्या हातात तिरंगा दिला. मी छातीवर मेडल्स लावून रांगेत उभा होतो. लोक माझ्याकडे बोट दाखवून 'हे त्याचे गुरू' असं एकमेकांना सांगत होते. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

महिन्याभरानं मी दशरथभाऊंच्या दुकानात गेलो. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. चहा मागवला. मग ट्यूबवरून नजर न उचलता म्हणाले, "साहेब, एक इचारू? लोकं म्हन्तात का त्याचा दमच कच्चा होता. शर्यतीत मांगं पडला, मोबाइलवर साऱ्याइनं पाह्यलं. आता डाक्टरबी फुफ्फुस म्हन्तो. लहानपनी मी त्याले इथंच झोपवू. दिवसभर रबर जयाचं, धूर राहे. त्यानं त नसन झालं?"

त्या माणसानं महिनाभर हे डोक्यात धरून ठेवलं होतं. मग मी सांगितलं. सगळं. विसावी फेरी, त्याचं विचारणं, माझं उत्तर. रिपोर्टमधली ओळही सांगितली. "त्याच्या दमात खोट नोती, दशरथभाऊ. थो पदक घेऊन आला असता. मी थांबवलं त्याले."

दशरथभाऊंनी ट्यूब बाहेर काढली. फडक्यानं पुसली. भोक सापडलं होतं, त्याभोवती खडूनं गोल केला.

"मले त वेगयंच सांगतलं त्यानं," ते म्हणाले. "सुट्टीत आलता तवा. म्हने, बाबा, उस्ताद कठड्यावरून बोंबलून बोंबलून सांगत होते, जा म्हनून. माह्याच्यानंच जानं झालं नाई. दमच सरला."

एक ट्रक येऊन थांबला आणि ते जॅक घेऊन उठले.

लान्स नाईक सुमेध दशरथ ताकसांडे, कारंजा घाडगे. त्याच्या शाळेच्या पटांगणात त्याच्या नावाचा फलक लावला आहे. त्यावर त्याची पलटण लिहिली आहे, चौकीची उंची लिहिली आहे आणि खाली लिहिलं आहे, दहा हजार मीटर, सहावा क्रमांक. त्याच्या स्मृतिदिनी मी दरवर्षी जातो. फुलं वाहतो, सावधानमध्ये उभा राहतो, सॅल्यूट करतो. परतीची बस दशरथभाऊंच्या दुकानापुढून जाते. मी उतरत नाही.