डॉक्टर म्हणाल्या पॅनिक, मी ऐकलं अटॅक

आधी रेणापूरच्या सुमनअक्कांचं नाव घेतो. लातूरच्या ज्या मेसमध्ये मी भाज्या करतो, तिथं त्या पोळ्या लाटतात. नात्यातल्या नाहीत. पण त्या नसत्या तर आज मी भोकरला घरी बसून नसलेल्या आजाराला भीत राहिलो असतो.

दुपारच्या जेवणाची गर्दी होती. एका पोरानं ताट सरकवलं, "काका, रोज वांगंच का?" डोक्यात सणक गेली. झारा आपटला आणि तिथंच छाती धडधडायला लागली. हात बधिर, दरदरून घाम, श्वास पुरेना. अक्कांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

ईसीजी झाला. म्हणजे छातीला वायरी लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढतात. रक्त घेतलं. दोन तास बसवलं. मग डॉक्टर मॅडमनी मला एकट्याला आत बोलावलं. "पॅनिक अटॅक आहे, घाबरू नका."

घाबरू नका! पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. आमच्याकडं अटॅक एकच असतो. मी आठवीतून शाळा सोडलेला. पॅनिक म्हणजे जास्तीचा असेल, असं धरलं आणि भावाला फोन लावला, "दादा, अटॅक आलाय."

झालं! दुसऱ्या दिवशी भोकरहून जीप भरून माणसं आली. बायको रडून राहिली. मेव्हणा म्हणे तंबाखूनं झालं, चुलती म्हणे नजर लागली. जो तो सांगे, "टेन्शन घेऊ नको." टेन्शन काय मी बाजारातून आणतो? मी चिडलो की सगळे ओरडायचे, "चिडू नको, अटॅक हाय तुला!" की परत धडधड.

त्यात मालक म्हणाला, "गावाकडं जा बाबा. माझ्या शेगडीपुढं काही झालं तर?" म्हणजे कामही गेलं.

अक्कांना पटेना. "अटॅकवाल्याला कुणी चालत घरी सोडतंय व्हय? चल, मॅडमलाच इचारू."

आत जाताच त्या म्हणाल्या, "मॅडम, ह्याला काय झालंय ते मराठीत सांगा. आन् ह्याच्या मालकालाबी सांगा." मालकाला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे. हा भीतीचा झटका. मन घाबरतं आणि शरीर धोका आल्यासारखं वागतं. ते ओसरतं. काम करायला हरकत नाही." मग मला विचारलं, "राग येतो का?"

"न्हाई."

अक्का फिस्सकन हसल्या. "मॅडम, परवा ह्यानं मिक्सरला शिव्या दिल्या."

मालक फोनवर एवढंच बोलला, "मग संध्याकाळची भाजी कोण करणार?"

गोळ्या चालू आहेत. महिन्यातून दोनदा समुपदेशन, म्हणजे समोर बसून मनातलं बोलायचं. राग चढला की शेगडी बारीक करून बाहेर यायचं, श्वास हळूहळू सोडायचा. दर वेळी जमत नाही. पोरं अजून वांग्याला नावं ठेवतात आणि मला अजून चीड येते. पण आता मी मरणार नाही, हे माहीत आहे.

तुमच्या छातीत असं झालं तर आधी दवाखाना गाठा, घरच्या घरी ठरवू नका. आणि डॉक्टरचा शब्द कळला नाही तर परत विचारा. लाज कसली?

अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आहे. "करू की, घाई काय," म्हणतात. भितात, मला कळतं. ज्या दिवशी तयार होतील, त्या दिवशी सुट्टी टाकून मी सोबत जाणार आणि त्यांना नीट उमजेपर्यंत डॉक्टरांना दारातून हलू देणार नाही.