बेरिलच्या वाफ्यात केल्विन

केल्विन ट्रिफिटने छत्तीस वर्षं तण मारलं. तेच त्याचं काम होतं. पाठीवर पंप, पायांत रबरी बूट. ह्युऑन नदीकाठची कुरणं, रस्त्यांच्या कडा, दफनभूमी, सगळीकडे तोच फवारायचा. बायको बेरिल मात्र त्याला परसातल्या भाजीच्या कुंपणाआत पाऊल टाकू देत नसे. कपडे शेडमध्ये बदलायचे, बूट तिथेच काढायचे, मग घरात. "माझ्या भाजीला तुझा वास नको," म्हणायची. त्याने ऐकलं. ताटात येणारी भाजी खाण्यापलीकडे त्याचा तिच्याशी संबंध नव्हता.

बेरिल गेली त्याला तीन हिवाळे झाले. वाफ्यात गुडघाभर गवत वाढलं आणि केल्विन सॉसेजांवर जगू लागला. ऑगस्टच्या थंडीत फाटकाशी टपाल काढताना चक्कर येऊन पडला. उचलला मीच. मी शेजारीण, आणि तीस वर्षं गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली, म्हणून तो मला मास्तरीणबाई म्हणतो. कितीदा सांगितलं, नावाने हाक मार. ते सोडून देऊ.

डॉक्टर म्हणाले, भाज्या खा. होबार्ट शहरातून मुलगी आली, तानिया. तिने फ्रिज उघडला.

"डॅड, यात हिरवं काय आहे?"

"बिअरची बाटली."

तानिया हसली नाही. तिच्या घरामागे एक खोली रिकामी होती. केल्विनने तिथे राहायला यावं, हे घर विकून टाकावं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. केल्विनने खोलीचं वर्णन पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी भाजी लावतो. तुझ्या आईच्या वाफ्यात. औषधाचा थेंब न घालता."

"तू?"

"मी."

"बरं. ईस्टरला जेवायला येते. मांस सोडून ताटातलं सगळं तुझ्या वाफ्यातलं हवं. बटाट्यांसकट. नाहीतर येताना खोकी घेऊनच येते, सामान भरायला."

केल्विनने नवे बूट घेतले. जुने कुंपणाआत नेणं त्याला प्रशस्त वाटेना. गवत हाताने उपटलं. गोगलगायींसाठी बशांमधून बिअर ठेवली. कमी दारूची त्यांना, खरी स्वतःला. खतासाठी कोपऱ्यावरच्या मर्नाकडे गेला. तिचे चार घोडे, फाटकाशी लिदीची पोती, हवी त्याने न्यावीत. हा अख्खा ट्रेलर भरून घेऊन आला आणि बटाटे, टोमॅटो, घेवडा लावून मोकळा झाला.

नाताळच्या आठवडाभर आधी, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात, टोमॅटोची पानं वळायला लागली. घेवड्याच्या पानांच्या मुठी झाल्या. बटाट्याचे शेंडे पिळून काढल्यासारखे. मी म्हटलं, पाणी जास्त होतंय. तो उकिडवा बसला, एक पान उलटून पाहिलं, परत सुलटं केलं.

"मास्तरीणबाई, हे पाणी नाही. काटेरी तण असंच मरतं. छत्तीस वर्षं बघतोय."

"पण तू फवारलंस कुठे?"

"मर्नाच्या कुरणात. गेल्या वर्षीच्या वसंतात. माझं शेवटचं काम."

त्या औषधाने रुंद पानांचं तण मरतं, गवताला काही होत नाही. गवताची पेंढी होते, पेंढी घोडा खातो, औषध त्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. हे मला माहीत होतं. त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पेंढी विकू नका, खत देऊ नका, हे तो शेतकऱ्यांना बजावत असे. मर्नालाही बजावलं होतं. मर्ना विसरली. मग तोही विसरला.

"दुकानातून बटाटे आण," मी सांगितलं. "माती चोळ. तानियाला काय कळतंय!"

"तिला नाही कळायचं," तो म्हणाला, आणि फावडं आणायला गेला.

सगळी माती उपसून मर्नाच्या कुरणात परत टाकली. मर्ना ओरडली, "अरे, दिलेलं कुणी परत करतं का?" तो म्हणाला, "तुझं नाही, माझंच आहे." जानेवारीत त्याने समुद्रकिनाऱ्यावरचं शेवाळ आणलं, धुतलं, पालापाचोळा कुजवला. आता मात्र कशावरही विश्वास नाही. प्रत्येक ढिगातली मूठभर माती जॅमच्या डब्यात भरायची, त्यात घेवड्याचे तीन दाणे. पान सरळ आलं तर ढीग पास. खिडकीत अकरा डबे होते. माझ्या परसातलं खत नापास होईल की काय म्हणून मला दहा दिवस धाकधूक. पास झालं.

घेवडा, बीट आणि सिल्व्हरबीट, म्हणजे पालकाचा जाड भाऊ, एवढं ईस्टरपर्यंत हाती आलं. बटाट्यांना वेळ उरलाच नव्हता.

तानिया आली. गाडीच्या मागच्या सीटवर घड्या घातलेली बारा खोकी. मलाही बोलावलं होतं. मेंढीची तंगडी, बीट, घेवडा, सिल्व्हरबीट. ती ताटाकडे बघत राहिली.

"बटाटे कुठंयत?"

"मेले. मीच मारले," केल्विन म्हणाला, आणि सगळं सांगितलं, कुरण, घोडे, पोती, काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "खोकी आण आत. ठरलं ते ठरलं."

तानियाने घेवडा संपवला. सिल्व्हरबीट दोनदा घेतलं. मग उठून खिडकीतल्या डब्यांपाशी गेली.

"हे काय?"

"परीक्षा."

"आईला हे ठाऊक होतं?"

"तिला गरज नव्हती. ती मला आत येऊच देत नव्हती."

तानिया तशीच बाहेर गेली. वाफ्याला फेरी मारून आली, बुटांना चिखल.

"पुढच्या ईस्टरला," ती म्हणाली. "बटाटे नसले तर एक शब्द ऐकून घेणार नाही."

"मग खोकी परत ने."

"एक नेते, बीट भरून. बाकीची मला घरात अडचण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणावरून पाहिलं. केल्विन गुडघ्यांवर बसून खोक्यांची चिकटपट्टी सोलून काढत होता. अकरा खोकी उलगडून बटाट्यांच्या वाफ्यावर अंथरलेली, खालचं गवत मरावं म्हणून. वरून भिजवली होती.

"वर पेंढा कुठला घालणार?" मी विचारलं.

त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. बारावा डबा, मातीत पेंढ्याच्या काड्या आणि घेवड्याचे तीन दाणे.