पायरीखालचं सूप

उभी हयात बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काम उरत नाही, सवय मात्र उरते. अख्खी गल्ली ज्यांना चेकरसाहेब म्हणायची, ते गृहस्थ दूध आणायला गेले तरी रांगेतल्या माणसांच्या वरच्या खिशाकडे आधी बघत. नोकरीत त्यांनी कुणाची गयावया ऐकून घेतली नाही. एकदा सख्खा मेहुणा विनातिकीट सापडला. चेकरसाहेबांनी त्याची विचारपूस केली, घरच्यांची खुशाली विचारली आणि दंडाची पावती फाडून त्याच्या हातात ठेवली. तेव्हापासून मेहुण्याने त्यांच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. बायको अजूनही हा विषय काढते, आणि चेकरसाहेब अजूनही म्हणतात, "तिकीट नव्हतं."

या माणसाच्या राज्यात एकच व्यक्ती विनातिकीट फिरू शकत होती, ती म्हणजे त्यांची नात. पायाला स्वस्थता नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. दर रविवारी मुलगी तिला स्कूटरवरून आणून सोडायची आणि संध्याकाळी परत न्यायची. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून पायऱ्या उतरल्या की फरशी घातलेलं अंगण, आणि त्या पायऱ्यांखाली एक अंधारी पोकळी. तिथे भिंगरीचा संसार होता. आजीने मोडीत काढलेली ॲल्युमिनियमची पातेली, एक चमचा आणि जुन्या डब्यांची झाकणं. झाकणं म्हणजे ताटं. एक आजोबांचं, एक आजीचं, एक आईचं आणि एक तिचं स्वतःचं.

एका रविवारी तिने सूप केलं. त्यात पाणी होतं, गाजराचा शेंडा होता आणि जास्वंदीचा बारीक तोडलेला पाला होता. वाढायची वेळ आली आणि बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला.

"आजोबा, हे सांडायचं नाही हं," तिने बजावलं. "मी आले की सगळ्यांना वाढणार आहे."

"नाही सांडणार."

"आणि संपू पण द्यायचं नाही."

"नाही देणार," चेकरसाहेब म्हणाले. ते शब्दाचे पक्के होते, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. भिंगरीला ताप होता आणि अंगभर लाल गांधी उठल्या होत्या. "डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही," मुलगी म्हणाली, "पण बाबा, तिच्या पायांवर बोट ठेवायला जागा नाहीये. तुमच्या अंगणातले डास जाईपर्यंत मी तिला आणणार नाही."

चेकरसाहेबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. रविवार सोडला तर त्यांच्या आठवड्यात दुसरं होतंच काय? रडता आलं असतं तर जरा हलकं वाटलं असतं, पण त्याचा सराव नव्हता. म्हणून त्यांनी कपाटातून टॉर्च काढला आणि ते अंगणात उतरले.

डासांच्या मागे ते हात धुऊन लागले. अंगणात गवती चहा लावला. लिंबांच्या फोडींत लवंगा टोचून त्या कठड्यावर मांडल्या. मुंग्यांना त्या फार आवडल्या. चारही कोपऱ्यांत कॉइल पेटवल्या, तेव्हा डास तसेच राहिले आणि बायको खोकत घरात गेली. मग लांब वायर ओढून टेबलफॅन बाहेर आणला, कारण वाऱ्यात डासांना उडता येत नाही असं त्यांनी वाचलं होतं. डासांचं काय झालं कळलं नाही, पण बायको सोलत असलेल्या मटारच्या साली शेजारच्या शिंप्याच्या अंगणात गेल्या. शिंप्याने त्या गोळा करून परत आणून दिल्या आणि वर एक शब्दही बोलला नाही. चेकरसाहेबांना तो खवचटपणा वाटला.

साली परत करायला शिंपी आला तेव्हा चेकरसाहेबांची नजर भिंतीपलीकडे गेली. तिथे झाकण नसलेला एक ड्रम होता. चेकरसाहेब टॉर्च घेऊन तडक तिकडे गेले आणि त्यांनी आत उजेड टाकला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न ते नोकरीत विचारत तेव्हा भली भली माणसं खिसे उलटे करत.

"ड्रम आहे," शिंपी म्हणाला.

चेकरसाहेबांनी त्या अळ्या काचेच्या बरणीत भरल्या आणि दारोदार नेऊन दाखवल्या. साठलेलं पाणी हेच डासांचं माहेर, बाकी सगळे उपाय म्हणजे नुसती धूळफेक, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. समोरच्या पार्लरवालीच्या खिडकीतल्या मनी प्लांटच्या बाटल्या त्यांनी रिकाम्या करायला लावल्या. कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर, कुलरची टाकी, कशालाच सोडलं नाही. पाणी गटारात नाही, तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओतायचं, म्हणजे अळ्या तिथेच वाळतात, हेही त्यांनीच शिकवलं. गल्लीच्या नाकी नऊ आले. शिंप्याने तर ड्रमवर बांधायला इलॅस्टिक घातलेलं कापडी झाकण शिवलं, आणि तसंच एक चेकरसाहेबांच्या पिंपासाठीही आणून दिलं. चेकरसाहेबांनी ते घेतलं आणि शिवण तपासून पाहिली.

आणि रोज सकाळी आंघोळ झाली की ते पाण्याचा मग भरून पायऱ्या उतरत. उकाड्याने सूप आटायचं, आणि संपू द्यायचं नाही असा शब्द दिलेला होता. चष्मा न्हाणीघराबाहेरच्या फळीवर राहिलेला असायचा. गुडघे कुरकुरत असले तरी ते पायरीखाली वाकत, काठापर्यंत पाणी घालत आणि चमचा नीट ठेवून वर येत.

हळूहळू गल्लीतले डास कमी झाले. पार्लरवाली संध्याकाळी दार उघडं टाकून बसू लागली. शिंप्याने मशीन ओट्यावर आणलं. चेकरसाहेबांच्या अंगणात मात्र डास होते ते होतेच. ते घोट्यांवर चावत, कोपरांवर चावत, आणि मुलीचा फोन आला की चेकरसाहेब एका हाताने पाय खाजवत म्हणत, "फरक आहे. बराच फरक आहे."

"पूर्ण गेले का?"

"पूर्ण नाही."

"मग राहू दे बाबा." मागून भिंगरीचा आवाज यायचा, काहीतरी ओरडून सांगणारा, आणि फोन बंद व्हायचा. त्यानंतर चेकरसाहेब बराच वेळ अंगणात उभे राहत. त्यांचा संशय आता सगळ्या गल्लीवर होता. कुणीतरी काहीतरी लपवतंय याबद्दल त्यांची खात्रीच पटली होती. त्यांनी पुन्हा एकदा शिंप्याचं दार वाजवलं.

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. "चेकरसाहेब, आमची तपासणी झाली, परत झाली, परत परत झाली. आता एकदा तुमची करू."

पार्लरवाली समोरून ऐकत होती. तिने गिऱ्हाइकाला अर्ध्या भुवईवर थांबवलं आणि ती येऊन भिंतीपाशी उभी राहिली.

"करा," चेकरसाहेब म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा." आणि त्यांनी आपल्या हाताने टॉर्च शिंप्याला दिला.

शिंप्याने मनावर घेऊन तपासणी केली. बशा कोरड्या होत्या, बादल्या पालथ्या होत्या, पिंपाला त्याने स्वतः शिवलेलं झाकण घट्ट बसलेलं होतं. चेकरसाहेब हाताची घडी घालून उभे होते. मग शिंपी पायरीखाली वाकला.

"आणि हे काय?"

"ते सोडा," चेकरसाहेब म्हणाले.

"का?"

"ते सूप आहे."

शिंप्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "कसलं?"

"गाजराचं."

शिंप्याने टॉर्च जवळ नेला. तो आणखी खाली वाकला. मग हळूच म्हणाला, "चेकरसाहेब, सूप हलतंय. चष्मा लावून या."

चेकरसाहेब चष्मा लावून आले आणि वाकले. गाजराचा शेंडा काळा पडून तळाला गेला होता. वर अळ्यांची गर्दी होती, बरणीत घालून त्यांनी दारोदार मिरवल्या होत्या तशाच. रोज सकाळी, आंघोळ करून, शुचिर्भूत होऊन त्यांनी यांनाच पाणी घातलं होतं.

"काय सापडलं हो?" भिंतीपलीकडून पार्लरवालीने विचारलं.

शिंप्याला उट्टं काढायची यापेक्षा नामी संधी पुन्हा मिळाली नसती. त्याने चेकरसाहेबांचा पडलेला चेहरा पाहिला. मग पातेलीशेजारी ओळीने मांडलेली झाकणं पाहिली, तो छोटा चमचा पाहिला. "काही नाही," तो म्हणाला, "स्वयंपाक चाललाय." आणि टॉर्च बंद करून त्याने तो चेकरसाहेबांच्या हातात दिला.

चेकरसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सोडून दिलं होतं, आणि ते त्यांना सहन झालं नाही.

"सापडलं," ते भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले. "अळ्या सापडल्या. माझ्याच घरात." पार्लरवालीने तोंडावर हात ठेवला आणि ती गिऱ्हाइकाच्या उरलेल्या भुवईकडे परत गेली. शिंपीही गेला.

आवाज ऐकून बायको मागच्या दारात आली होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"संशय होता."

"मग ओतून का नाही टाकलंस?"

"तुम्ही रोज एवढे वाकून पाणी घालत होता," ती म्हणाली. "माझा हात नाही धजला."

चेकरसाहेबांनी पातेली उचलली आणि ते भर उन्हात फरशीवर आले. सांडायचं नाही, असं भिंगरीने बजावलं होतं. नात यावी म्हणून त्यांनी गल्ली पालथी घातली होती, आणि नात येत नव्हती ती तिला दिलेल्या शब्दामुळे. त्यांना स्वतःचा राग आला आणि हसूही आलं, पण जास्त वाईट वाटलं. त्यांनी पातेली कलती केली. तापलेल्या फरशीवर पाणी पसरलं आणि बघता बघता वाळलं. मग त्यांनी पातेली घासली आणि पालथी ठेवली.

त्यांनी मुलीला फोन लावला.

"सापडलं कुठून येत होते ते."

"कुणाकडे होतं?"

"आपल्याकडेच," चेकरसाहेब म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं, अगदी पाण्याच्या मगासकट. मुलगी आधी हसली, मग तिचा आवाज उतरला. "बाबा, अहो, तिला आता आठवतही नसेल ते," ती म्हणाली. ते ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

डास गेले. पूर्ण गेले याची चेकरसाहेबांनी रोज संध्याकाळी उघड्या पायांनी अंगणात बसून खात्री करून घेतली, आणि मग एका रविवारी स्कूटरचा हॉर्न वाजला. भिंगरी घरात शिरली ती कुणाकडे न बघता थेट मागच्या दाराने पायरीखाली.

"आजोबा! माझं सूप?"

मुलीने चेकरसाहेबांकडे पाहिलं. बायकोने पदराआडून मान हलवली. सांगा काहीतरी, असा त्याचा अर्थ होता. उंदराने प्यायलं, मांजराने सांडलं, काहीही चाललं असतं. असली कारणं चेकरसाहेबांनी हजारो ऐकली होती.

"मी ओतून टाकलं," ते म्हणाले.

"सांडायचं नाही सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"त्यात डास झाले होते."

भिंगरीने विचार केला. "मग झाकण का नाही ठेवलं?"

हा प्रश्न सगळ्या गल्लीला झाकणं बसवणाऱ्या माणसाला होता. अशा वेळी बसमधली माणसं खिडकीबाहेर बघायची. चेकरसाहेबांनी जास्वंदीकडे पाहिलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "काय दंड असेल तो कर."

भिंगरीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग तिने पातेली सुलटी केली. "जाऊ दे," ती म्हणाली. "या वेळी सोडलं. बसा, दुसरं करते."

चेकरसाहेब पायरीवर बसले. हे वाक्य त्यांनी नोकरीत एकदाही उच्चारलं नव्हतं. ऐकायला ते इतकं गोड लागतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती. डोळे भरून आले म्हणून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तो हातातच धरून ठेवला.

"अगं," ते दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, "पुढच्या रविवारी तुझ्या भावाला बोलाव."

एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

"कोण येणार आहे?" भिंगरीने गाजर मोडता मोडता विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आणखी एक झाकण ओळीत मांडलं.