क्विंटलभर डिपॉझिट

घरमालकाशी भांडून मी आमचं डिपॉझिट शेवटच्या रुपयापर्यंत वसूल केलं, असं मी माहेरी सांगितलेलं आहे. माहेर लांब आहे आणि तिकडच्या लोकांना खोदून विचारायची सवय नाही. त्यामुळे खरं काय घडलं ते इथं लिहायला हरकत नाही.

दिग्रसला आम्ही गुलाबशेठच्या घरात चार वर्षं भाड्यानं राहिलो. गुलाबशेठ कापसाचे व्यापारी. (त्या वर्षांत कापसाचे भाव असे काही पडले होते, की त्यांच्याकडे नावातला 'शेठ' तेवढा शिल्लक होता.) आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दिवसभर इंजिनांचा आवाज ऐकतात म्हणून घरी आवाज करत नाहीत. घरातला आवाज सासूबाईंकडे आणि माझ्याकडे, निम्मा-निम्मा. मी ब्लाउज शिवते. डिपॉझिटचे चार हजार मी लोकांच्या ब्लाउजांना हुक लावून लावून जमवले होते. म्हणजे घर आमचं नव्हतं, पण डिपॉझिट शंभर टक्के माझं होतं!

शेठनी भाडं वाढवलं, तसं आम्ही एप्रिलच्या तोंडावर गावाच्या टोकाला एक स्वस्त घर पाहून तिकडं बिऱ्हाड हलवलं. स्वस्त होतं, कारण वर टिनाचे पत्रे होते. दुपारी सासूबाई ओलं लुगडं अंगावर घेऊन फरशीवर पडायच्या आणि पंधरा मिनिटांत ते लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवता येईल इतकं वाळायचं. "सुनबाई, माह्या जिवाचा पापड झाला वो," असं त्या दर पंधरा मिनिटांनी, लुगड्याच्या सोबतीनं, सांगायच्या.

तेव्हा ठरलं, डिपॉझिट आलं की कूलर. मी दुकानात जाऊन एक निळा कूलर पसंतही करून आले. बटण दाबून, समोर उभी राहून, पोटभर हवा खाऊन.

"पैसे?" दुकानदारानं विचारलं.

"घरमालकाकडं हायेत. आता आणतो म्हटलं तं आता येतात."

दुकानदारानं हळूच कूलरचं बटण बंद केलं. तो माणूस अनुभवी असावा.

शेठ घर ताब्यात घ्यायला आले ते बाजारात ढीग बघायला आल्यासारखे. कापसाचा व्यापारी गाडीतून चिमूटभर कापूस उचलतो, दोन्ही हातांनी ओढून धागा बघतो आणि तोंड वाकडं करतो. तोंड वाकडं केल्याशिवाय भाव पाडता येत नाही. शेठनी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा पोपडा चिमटीत धरला, चोळला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, ओलावा हाय."

"शेठजी, नळ तुमचा गळते! चार वर्सांपासून सांगून राह्यली मी."

"हो न जी. म्हणून तं म्हणतो, ओलावा हाय. घट धरा लागन."

कापूस ओला असला की वजनातून काही किलो कापून टाकतात, त्याला घट म्हणतात. ती डिपॉझिटलाही लागते, हे मला नवीन होतं. तेवढ्यात शेठ पुढच्या भिंतीपाशी पोहोचले होते.

"हे भोकं काहून पाडले?"

"खिळे होते. आमचे होते, काढून नेले."

"भोकाची कटती."

"मंग देतो न परत ठोकून!"

"मंग खिळ्याची कटती."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याच्या हुकाकडे पाहत होते. (पंखा आमचा होता, हुक शेठचा. त्यावर कटती नव्हती, म्हणून यांना तिथं सुरक्षित वाटत असावं.)

"आन हमाली," शेठ म्हणाले.

"हमाली? सामान तं यायनं ठेल्यावर ढकलत नेलं!"

"सामानाची नाई जी. चाबीची. तुम्ही चाबी दुकानात आणून द्यायची तं मले इथपर्यंत या लागलं."

"आन हे तोलाई कायची?" त्यांच्या हातातला हिशेबाचा कागद वाचत मी विचारलं.

"घंटाभर झाला एकेक भिंत तोलूनच राह्यलो न मी!"

बाजारात शेतकऱ्याच्या बिलातून जे जे कापायची शेठना सवय होती, ते सगळं त्यांनी माझ्या चार हजारांतून कापलं. त्या साली लोक कापूस बाजारात आणायलाच तयार नव्हते. शेठच्या कात्रीला बरेच दिवस काम नव्हतं, ते मी दिलं.

पण मी काही ऐकून घेणारी नाही. भाजीवालीकडून कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय मी पिशवीचं तोंड बांधत नाही. मी शेठना बजावलं, "भिंतीले काई झालं नाई. मी माहितगार माणूस आणून तुम्हाले दाखवीन!"

माहितगार माणूस म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, सुधाकर भाऊजी. ते आर्णीला घरं रंगवायचं काम करतात. त्यांना निरोप धाडला, की या, भिंत बघा आणि 'काई झालं नाई' एवढं एक वाक्य शेठसमोर बोला. एका वाक्यासाठी जावई आर्णीहून आले. जावई आले म्हणून कोंबडं आलं, कोंबडं आलं म्हणून खोबरं आणि खसखस आली. "एका वाक्याले इतला रस्सा?" असं हे म्हणाले. यांचं त्या महिन्यातलं ते पहिलंच बोलणं होतं आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

भाऊजींनी शेठसमोर भिंतीवर टकटक केलं. कान लावला. मी मागून खोकले. 'काई झालं नाई' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पण खराब भिंत दिसली की भाऊजींना राहवत नाही.

"अरे बाप्पा! वहिनी, हे तं आतून पोकळ झालं! पयले पुरं खरवडा लागन. मंग पुट्टी. मंग दोन हात रंग."

"भाऊजी!"

"तीन हात मारले तं अजून मस्त."

शेठच्या चेहऱ्यावर सुगी आली. "कितले घ्यान तुम्ही?"

भाऊजींनी आकडा सांगितला. शेठनी ओलाव्याची जेवढी घट धरली होती त्याच्या तो दुप्पट होता! शेठनी तिथल्या तिथं काम भाऊजींना देऊन टाकलं आणि पैसे माझ्या डिपॉझिटातून वळते केले.

"घरचाच माणूस हाय, वहिनी," शेठनी मला समजावलं. "तुमचा पैसा काई बाहीर नाई गेला."

काम चाललं तितके दिवस भाऊजी उतरायला आणि जेवायला आमच्याकडेच होते. रोज संध्याकाळी ते मला भिंत किती सुंदर होते आहे ते सांगायचे. सासूबाई तर हरखून गेल्या. "माह्या पोरीच्या घरी पैसा गेला, सुनबाई. लय पुण्य लागन तुले." पुण्याला हवा येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

चार हजारांचे आता निम्मे उरले. निम्म्यात निळा कूलर येणार नव्हता, पण दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना, एका बाजूनं चेपलेला कूलर होता. तो आला असता. म्हणून मी सासूबाईंना बरोबर घेऊन शेठच्या दुकानावर गेले. (सासूबाई मनात आलं की रडू शकतात.) सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावायच्या आधीच शेठनी गल्ला उघडून दाखवला. आत उदबत्तीचा पुडा होता.

"रोकडा नाई जी, वहिनी. मिलवाला देऊनच नाई राह्यला. गोदामात कापूस हाय, तो न्या."

एखाद्या शहाण्या बाईनं इथं भोकाड पसरलं असतं. मी हिशेब मांडला. त्या दिवसांत दिग्रसमध्ये न्हाव्याच्या दुकानात, एसटी स्टँडवर, बारशात, कुठंही गेलं तरी लोक एकच वाक्य बोलत होते, की भाव वाढणार. रोज पडत होता आणि रोज वाढणार होता. आज स्वस्तात कापूस घ्यायचा, महिन्याभरानं महागात विकायचा आणि निळा कूलर आणायचा! शिवाय शेठनाच पेचात धरायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. मी गोदामात गेले, चिमूटभर कापूस उचलला, ओढला आणि तोंड वाकडं केलं.

"शेठजी, यात पाला हाय. कटती धरा."

"वहिनी!"

"आन ठेल्याची हमाली तुमच्याकडं."

घासाघीस करकरून मी उरलेल्या पैशांत क्विंटलभर कापूस बसवला. शेठनी हात जोडले. "वहिनी, तुम्ही तं आमच्याहून जबर निंघाल्या." ते ऐकून मला इतका आनंद झाला, की गोदाम रिकामं झाल्याचा आनंद शेठना माझ्याहून जास्त झालेला मला दिसलाच नाही. मी ठेल्याच्या पुढं चालत, मान ताठ ठेवून, मुद्दाम कूलरच्या दुकानावरून घरी आले. ठेला अर्थात हेच ढकलत होते.

क्विंटलभर कापूस म्हणजे किती, याची मला कल्पना नव्हती. ऐकायला क्विंटलच असतो, पण घरात आल्यावर तो फुगतो. त्यानं कूलरची जागा घेतली, मग शिलाई मशीनची, मग सासूबाईंची. वरणात कापूस, पोळीत कापूस. एका गिऱ्हाइकीण बाईंनी काळा ब्लाउज परत आणून विचारलं, "याले पांढरी बुट्टी मी कवा सांगतली होती?" यांना घरात विडी ओढायची बंदी झाली. हे बाहेर उन्हात उभे राहून विडी ओढायचे. टिनाखालच्यापेक्षा उन्हात बरं वाटतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. सासूबाईंनी आपला उपाय काढला. रोज दुपारी दोन बादल्या पाणी त्या फरशीवर शिंपायच्या, थोडं भिंतींवर आणि उरलेलं जिथं जाईल तिथं.

हे रोज संध्याकाळी डेपोतून भावाची बातमी आणत. ती एका शब्दाची असे.

"पडला."

महिनाभर हा एकच शब्द ऐकल्यावर मी विकायचं ठरवलं. सरकारी खरेदी केंद्रावर भाव जरा बरा होता. बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगेत आमचा ठेला उभा राहिला. पाळी आली तेव्हा खिडकीतल्या बाबूनं हात पुढं केला.

"सातबारा?"

"नाई जी."

"वावर कोणाच्या नावानं हाय?"

"वावरच नाई."

"मंग कापूस कुठचा?"

"दोन खोल्यांचा."

बाबूनं चष्मा काढून मला नीट पाहिलं. "बाई, आम्ही वावरातला कापूस घेतो. खोलीतला नाई घेत."

तिथून व्यापाऱ्यांच्या रांगेत. पहिल्या व्यापाऱ्यानं चिमूट उचलली, ओढली, तोंड वाकडं केलं. "ओलावा हाय." दुसऱ्यानंही तेच, तिसऱ्यानंही तेच. मी भांडायला तोंड उघडलं आणि मला सासूबाईंच्या बादल्या आठवल्या. जन्मात पहिल्यांदा समोरचा खरं बोलत होता! घट कापून त्यांनी जो भाव सांगितला त्यात कूलरचं नुसतं स्टँड आलं असतं. मला तिथं, ठेल्याच्या दांड्याला धरून, खरंच रडू आलं. चार वर्षं हुक लावले होते मी. शेजारच्या गाडीवरचे एक आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"पयलंच साल हाय काय, माय?" त्यांनी मायेनं विचारलं.

"हो, बाबा."

"होते सवय," ते म्हणाले आणि आपली गाडी पुढं सरकवली.

ठेला घरी परत आला. त्या दिवशी हे स्वतःहून बोलले, "गाद्या भरू." दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. कापूस ऊन दाखवून वाळवला, ओळखीच्या जिनिंगवाल्यानं सरकी काढून मजुरीत ठेवून घेतली आणि गादीवाल्यानं उरलेल्या रुईच्या तीन गाद्या भरल्या. शिलाई माझी. सुधाकर भाऊजी मुद्दाम बघायला आले, तिन्हींवर आळीपाळीनं बसले आणि म्हणाले, "वहिनी, हिवाळ्यात लय कामी पडतीन." तेव्हा मे महिना भरात होता.

आता दुपारी बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. वर पत्रे तापलेले, खाली वीतभर जाडीची, ऊबदार, नवीकोरी गादी आणि मधे मी. त्या साली भाव वाढेल म्हणून अख्खं दिग्रस कापूस धरून बसलं होतं. धरून झोपलेली मी एकटीच!